ब्राम्सचं क्लॅरनेट क्विंटेट : कोणतं ध्वनिमुद्रण ठेवावं?

जर्मन रचनाकार ब्राम्सनं क्लॅरनेट आणि चार तारवाद्यांसाठी लिहिलेल्या या पंचकाचं (क्विंटेटचं) एकच ध्वनिमुद्रण ठेवायचं असेल तर १९३७ सालचं ठेवा, क्लॅरनेटवादक रेजिनाल्ड केल आणि बुश क्वार्टेट (चार तारवाद्यांचा चमू) यांचं. आवाज जुना आहे, खरखर आहे, वरचे सूर थोडे कापल्यासारखे येतात, तरीही तेच. दुसऱ्यासाठी जागा असेल तर आल्फ्रेड बॉस्कोव्स्की आणि व्हिएन्ना ऑक्टेटमधल्या वादकांचं घ्या. बाकीची का मागे राहतात आणि कोणाच्या कामाची आहेत, ते पुढे सविस्तर.

विदर्भातल्या खेड्याला क्लॅरनेट नवं नाही. लग्नसराईत बॅंडपार्टी आली की वरातीच्या पुढे तेच असतं. जुन्या पिढीच्या कानात मास्टर इब्राहिम यांच्या तबकड्याही असतील. पण वरातीतल्या वादकाला संदल, ढोल आणि जनरेटर यांच्या वर चाल पोचवायची असते, म्हणून तो बहुतेक वेळ वरच्या सप्तकात, पूर्ण दमानं फुंकतो. या वाद्याचा खालचा अर्धा भाग, तो गडद, लाकडी खर्ज, आपल्या कानावर फारसा पडतच नाही. ब्राम्सनं ही रचना त्या खर्जाच्या आधारानं उभी केली आहे. ऐकायला बसण्याआधी वरातीचं क्लॅरनेट कानातून थोडं बाजूला ठेवावं लागतं.

सनईशी तुलना केली तर फरक लवकर कळतो. सनईची नळी खाली रुंद होत जाते, त्यामुळे जोरानं फुंकलं की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. क्लॅरनेटची नळी आतून बव्हंशी सरळ असते आणि तिथं उडी सप्तकाची नसते. सप्तक अधिक पंचम, म्हणजे मंद्र षड्जावरून थेट मध्य पंचमावर. खालची पट्टी संपून वरची सुरू होण्याआधी चारेक सूर असे येतात की ते अगदी वरच्या छिद्रांतून, आखूड नळीतून निघतात. ते जन्मतःच पोकळ असतात, घशात अडकल्यासारखे. चांगला वादक बोटं खालच्या छिद्रांवर ठेवून आणि ओठांचा दाब सांभाळून ते भरून काढतो. ध्वनिमुद्रण तपासताना ही पहिली खूण धरा: खालून वर चढणाऱ्या ओळीत मधले दोन-तीन सूर अचानक फिके पडतात का? पडत असतील तर वादक कितीही नावाजलेला असो, पुढं जाऊन ते टोचत राहणार.

बॅंडमधलं क्लॅरनेट बहुधा बी फ्लॅटचं असतं. ब्राम्सनं मागितलंय ते ए चं, अर्ध्या सुरानं खाली, नळी किंचित लांब, आवाज थोडा गडद. सोबत दोन व्हायोलिनं, एक व्हिओला, एक चेलो. चार भाग मिळून साधारण ३५ ते ४० मिनिटं.

रचनेमागची हकिकत इथं सांगायला हवी, कारण निवडीचा निकष तिच्यातूनच निघतो. १८९० मध्ये ब्राम्सनं लिहिणं आवरतं घ्यायचं ठरवलं होतं. मार्च १८९१ मध्ये माइनिंगेनच्या दरबारी वाद्यवृंदात त्यानं रिखार्ड म्यूलफेल्डचं क्लॅरनेट ऐकलं आणि त्याच उन्हाळ्यात इशल इथं बसून हे पंचक आणि एक त्रिक लिहून काढलं. १२ डिसेंबर १८९१ रोजी बर्लिनमध्ये योआखिम क्वार्टेटसोबत म्यूलफेल्डनं ते लोकांपुढं वाजवलं. हा म्यूलफेल्ड मुळात व्हायोलिनवादक. वाद्यवृंदात शिरला तो व्हायोलिन घेऊन, क्लॅरनेट त्यानं स्वतःचं स्वतः शिकून घेतलं. व्हायोलिनच्या गजानं विचार करणाऱ्या माणसासाठी लिहिलेलं हे क्लॅरनेट आहे. पाच जणांत एक मुख्य गायक आणि चार साथीदार अशी मांडणी इथं नाही. क्लॅरनेट तारांमध्ये बुडतं, दुसऱ्या जागी वर येतं, पुन्हा बुडतं. ज्या ध्वनिमुद्रणात ते पूर्ण वेळ वरच तरंगतं, त्यात ही रचना अर्धीच ऐकू येते.

गावच्या भजनी मंडळाची पेटी हाताशी असेल तर सुरुवात समजून घ्यायला पाच मिनिटं द्या. रचना बी मायनरमध्ये आहे, म्हणजे षड्ज पांढरी सात. पण सुरुवातीला दोन व्हायोलिनं जोडीनं जी ओळ वाजवतात, तिच्यावरून षड्ज पांढरी दोनवर आहे की पांढरी सातवर, ते ठरतच नाही. दोन्हींच्या पट्ट्या त्याच आहेत. पांढरी दोनला सा मानलं तर बिलावलाचे सूर, पांढरी सातला सा मानलं तर आसावरीचे. मूर्च्छना बदलली की तेच सूर हसरे किंवा उदास होतात, ही गोष्ट आपल्याकडच्या कानाला सांगावी लागत नाही. पाचव्या मात्रागटात क्लॅरनेट येतं ते खालून वर, पांढरी दोनच्या बाजूनं, उजेडात. पुढं काळी पाच लागते, ती पांढरी सातकडे खेचते आणि रंग उतरतो. वादकांनी इथं घाई केली तर हा झुलता तोल सापडत नाही. फार रेंगाळले तर सहा मात्रांची झोक्याची लय मोडते आणि ओळ चालायच्याऐवजी बसते. पहिल्या अर्ध्या मिनिटातच मुद्रणाचा स्वभाव कळतो.

खरी परीक्षा दुसऱ्या भागात, अडाजिओत, म्हणजे संथ भागात. तारवाद्यांच्या घोडीवर म्यूट लावलेले असतात. म्यूट म्हणजे घोडीवर बसवायचा लाकडी किंवा रबरी छोटा चाप. त्यानं तारेची कंपनं पेटीत कमी उतरतात आणि आवाज धुक्यातून आल्यासारखा होतो. त्यावर क्लॅरनेट तीन लांब उतरते सूर घेतं. थोड्या वेळानं तेच पहिलं व्हायोलिन घेतं. पूर्ण रचनेत हीच जागा निर्णायक आहे: एका वाद्यानं ठेवलेला सूर दुसऱ्यानं उचलताना तो त्याच घरातला वाटतो का? क्लॅरनेट सरळ, न थरथरता वाजत असेल आणि व्हायोलिन जाड कंपानं उत्तर देत असेल, तर ती दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. दोघंही सरळ असोत की दोघंही थरथरते, माझी हरकत नाही. जुळलं पाहिजे.

साथीकडेही कान द्या. मधली वाद्यं मात्रेवर न पडता तिच्या अध्येमध्ये पडतात. लय फार संथ घेतली की ऐकणाऱ्याला मूळ मात्रा सापडत नाही आणि तो खेळ नुसता गुळगुळीत गालिचा होऊन जातो. या भागाला अकरा मिनिटांच्या खूप पुढं वेळ लागत असेल, तर ही अडचण बहुधा असतेच.

अडाजिओच्या मध्यावर लय आणखी उतरते आणि तेच तीन सूर आता लांबलचक तानांत विरघळतात. खाली तारवाद्यांचा गज तारेवर झरझर थरथरत असतो. हंगेरीतल्या भटक्या वादकांच्या सिंबालोमची ही नक्कल आहे. सिंबालोम संतूरसारखंच काठ्यांनी वाजवतात, त्यामुळे तो थरकाप आपल्याला ओळखीचा वाटेल. क्लॅरनेट इथं आलापाच्या अंगानं जातं. पण आलाप म्हणून सैल सोडलं तर खालच्या चौघांशी गाठ सुटते, आणि मोजून-मापून वाजवलं तर कवायत होते. कागदावर प्रत्येक सूर लिहिलेला आहे, आणि तो आत्ता सुचल्यासारखा वाजला पाहिजे.

केल आणि बुश हेच करून दाखवतात. केल हा संचालक बीचमच्या लंडन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदात मुख्य क्लॅरनेटवादक होता. शेजारी ओबो या फुंकवाद्यावर लिऑन गूसन्स. त्याच्या कंपित सुराचा केलवर परिणाम झाला आणि त्यानं क्लॅरनेटमध्ये कंप उघडपणे आणला. त्या काळी अनेकांना ते रुचलं नाही, आजही जर्मन परंपरेतले वादक क्लॅरनेटचा सूर सरळच ठेवतात. पण या रचनेत केलचा कंप कामाला येतो, कारण आडोल्फ बुशच्या व्हायोलिनचा कंपही अरुंद आणि आतला आहे. अडाजिओत सूर एकाकडून दुसऱ्याकडे जातो तेव्हा क्षणभर कोण वाजवतंय ते कळत नाही. बुश एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मींड घेतो, जुन्या पद्धतीनं, बोट तारेवरून सरकत. पुढच्या पिढीनं हे जवळजवळ टाकून दिलं. मींडेवर वाढलेल्या आपल्या कानाला मात्र ते घरचं वाटतं. केल श्वासाच्या टोकावर त्याच मींडेला जागा देतो.

मधल्या हंगेरियन जागेत केल अजिबात सुंदर वाजवायचा प्रयत्न करत नाही. सूर टोकाला थोडा फाटतो, आणि तिथं तो फाटायलाच हवा. हेर्मान बुशचा चेलो खाली घट्ट बसलेला आहे, त्यामुळे केल कितीही दूर गेला तरी समेवर येतो. शेवटचा भाग म्हणजे एक चाल आणि तिचे पाच फेरफार, त्यातला पहिला फेरफार चेलोचा आहे. जुन्या मुद्रणाचा मर्यादित आवाज असूनही तो चेलो बोलतो.

घेताना दोन गोष्टी बघा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चारेक मिनिटं मावत, त्यामुळे हे मुद्रण तुकड्यांत झालंय आणि नंतरच्या प्रतींमध्ये ते तुकडे जोडलेत. जोड कुठं आहे ते पार्श्वभूमीची खरखर अचानक बदलते त्यावरून कळतं. चांगल्या प्रतीत ती बदलते पण लय अडखळत नाही. दुसरं, अति साफ केलेली प्रत टाळा. खरखर पुसताना व्हायोलिनचे वरचे सूर आणि गजाचा तारेवरचा स्पर्शही पुसला जातो आणि सगळं लोकरीत गुंडाळल्यासारखं वाजतं. खरखर राहिलेली प्रत दोन मिनिटांत कानाला सवयीची होते, पुसलेला सूर परत येत नाही. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं चालतो, त्यामुळे तीसच्या दशकातलं हे काम इथं हक्कमुक्त आहे.

केलनं १९५१ मध्ये अमेरिकेत फाइन आर्ट्स क्वार्टेटसोबत हेच पुन्हा केलं. शोधताना दोन्हींची गल्लत होते. नावासोबत बुश आहे की नाही ते पाहून घ्या.

आल्फ्रेड बॉस्कोव्स्की आणि व्हिएन्ना ऑक्टेटचं डेक्का कंपनीचं मुद्रण साठच्या दशकाच्या सुरुवातीचं, स्टिरिओ. हे ज्याला जुन्या खरखरीचा त्रास होतो त्याच्यासाठी, आणि पहिल्यांदाच ऐकणाऱ्यासाठी. व्हिएन्नाचं क्लॅरनेट फ्रेंच पद्धतीच्या क्लॅरनेटपेक्षा बांधणीनं वेगळं, आवाज गोल आणि थोडा झाकलेला. पाचही जण एकाच शहरातल्या वाद्यवृंदात रोज शेजारी बसणारे, त्यामुळे सूर जुळवायला कष्ट पडत नाहीत. अडाजिओची ती देवघेव इथं केल-बुशच्या खालोखाल उत्तम आहे. उणीव मध्यभागी आहे. हंगेरियन तानांत बॉस्कोव्स्की फार सभ्य राहतो, थरकाप खाली असतो पण वर आग नसते. शेवटचा भाग मात्र इतका सहज चालतो की फेरफार कुठं बदलला ते कळेपर्यंत पुढचा सुरू झालेला असतो. ब्राम्सनं या भागावर चालतं ठेवायची सूचना लिहिली आहे, आणि बरेच जण ती विसरून चाल रेंगाळत घेतात. मग पाच फेरफार पाच स्वतंत्र गाण्यांसारखे सुटे पडतात.

व्हिएन्नाचाच लेओपोल्ड व्लाख, कॉन्झर्टहाउस क्वार्टेटसोबत, पन्नासच्या दशकातलं वेस्टमिन्स्टर कंपनीचं मुद्रण, मोनो. संथ, गडद, सायंकाळचं. ज्यांना मारवा तासभर ऐकवतो त्यांना हे आवडेल. पहिल्या भागात लय इतकी जड होते की झोका थांबतो, म्हणून पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी हे देणार नाही.

आता ज्याची शिफारस बहुतेक ठिकाणी दिसते ते: कार्ल लाइस्टर आणि अमाडेउस क्वार्टेट, १९६७, डॉयचे ग्रामोफोन. लाइस्टर तेव्हा बर्लिन फिलहार्मोनिकचा मुख्य क्लॅरनेटवादक. सूर किती समान असू शकतो याचा हा वस्तुपाठ आहे. ते घशातले चार सूर कुठं गेले ते शोधूनही सापडत नाही. खर्जातून तारसप्तकापर्यंत एकच रेशमी पट्टी. पण वर सांगितलेल्या परीक्षेत हे मुद्रण कमी पडतं आणि कारण लाइस्टर नाही. लाइस्टरचा सूर सरळ आहे आणि नॉर्बर्ट ब्रेनिनचं पहिलं व्हायोलिन मोठ्या, जाड कंपाचं. अडाजिओत लाइस्टर तीन सूर ठेवतो आणि ब्रेनिन ते उचलून त्यांना अश्रू लावतो. म्यूट लावलेला असूनही व्हायोलिन पुढं येतं. पहिल्या भागातल्या जोरकस जागी मात्र हाच स्वभाव उपयोगी पडतो. तिथं अमाडेउसची ताकद इतरांच्या वर आहे. क्लॅरनेट शिकणाऱ्या मुलानं हे मुद्रण जरूर ऐकावं, बॅंडपार्टीत वाजवणाऱ्यानं तर नक्कीच. फुंक न वाढवता सूर कसा भरतो, ते यात कळतं. रचनेसाठी मात्र हे माझं तिसरं मुद्रण. लाइस्टरनं पुढं इतर क्वार्टेटसोबतही हीच रचना ध्वनिमुद्रित केली, त्यातलं ब्रांडिस क्वार्टेटसोबतचं निम्बस कंपनीचं जास्त जुळलेलं आहे.

जर्वेज द पेयर आणि मेलॉस एन्सेम्बल, १९६४, ईएमआय: जिवंत, थोडं नाट्यमय, हंगेरियन जागेत केलनंतर सर्वांत धीट. व्हिओलावर सेसिल अरोनोविट्झ आहे आणि ते सांगायला हवं, कारण शेवटचा, पाचवा फेरफार व्हिओलाचा आहे. तीन मात्रांचा तो छोटा झोका बहुतेक मुद्रणांत ओढून नेल्यासारखा वाटतो. इथं व्हिओला पुढं होऊन बोलतो, आणि म्हणूनच त्यानंतर सुरुवातीची ओळ परत येते तेव्हा ती कुठून आली ते कळतं.

थीया किंग आणि गॅब्रिएली क्वार्टेट, हायपेरिऑन, ऐंशीचं दशक. नीटनेटकं, प्रामाणिक, तोल सांभाळून ध्वनिमुद्रित केलेलं. पाचही वाद्यं वेगवेगळी ऐकू येतात, त्यामुळे रचना अभ्यासायला चांगलं.

साबीने मायर आणि आल्बान बेर्ग क्वार्टेट यांच्या नव्वदच्या दशकातल्या मुद्रणात धार आहे, कारागिरी आहे, आणि थोडी थंडी आहे. मार्टिन फ्रॉस्टचं बीआयएस कंपनीचं मुद्रण २०१४ सालचं, व्हायोलिनवर यानिने यान्सेन. फ्रॉस्ट आवाज इतका खाली नेतो की क्लॅरनेट श्वासाच्या काठावर उभं राहतं. यान्सेन त्याच पातळीवर येऊन त्याला उत्तर देते, कंप मुद्दाम काढून घेते, मग हळूहळू घालते. अडाजिओच्या परीक्षेत आधुनिक मुद्रणांपैकी हे पहिलं. पण या मुद्रणाला शांतता लागते. मे महिन्यात खिडकीत कूलर चालू असेल तर फ्रॉस्टचे निम्मे सूर पाण्याच्या आणि पंख्याच्या घरघरीत जातील आणि आवाज वाढवला की पुढची जोरकस जागा कानावर आदळेल. डिसेंबर-जानेवारीत, पऱ्हाटी वेचून झालेल्या वावराच्या कडेला रात्री दहानंतर जी शांतता असते, ती या मुद्रणासाठी आहे.

एरिक होपरिच आणि लंडन हायडन क्वार्टेट यांनी म्यूलफेल्डच्या काळच्या घडणीचं, बॉक्सवुड लाकडाचं क्लॅरनेट आणि आतड्याच्या तारा वापरल्या आहेत. म्यूलफेल्डची क्लॅरनेटं म्युनिकच्या ओटेनस्टाइनरनं बनवलेली होती, पिवळसर बॉक्सवुडची, आजच्या काळ्या आफ्रिकन लाकडापेक्षा हलकी. आवाज लहान, शेतातल्या बासरीच्या जवळचा, आणि तारा आतड्याच्या असल्यानं दोन्ही आवाज आपोआप एकाच जातीचे होतात. पहिल्या ऐकण्यात तो फिका वाटू शकतो. केल-बुश पाठ झाल्यावर हे ऐका, मग क्लॅरनेट तारांत बुडणं म्हणजे नेमकं काय ते कळेल.

आता ऐकायच्या साधनांबद्दल, कारण यावरच अर्धं मत ठरतं. कूलरचा आवाज एकसारखा आणि खालच्या पट्टीत जास्त असतो, आणि तो नेमका चेलो आणि क्लॅरनेटचा खर्ज झाकतो. कूलर बंद करता येत नसेल तर कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे वायरवाले इअरफोन वापरा. आवाज कमी ठेवूनही खालचे सूर टिकतात. फोनमधली बास वाढवणारी सोय बंद ठेवा, नाहीतर चेलो फुगतो आणि क्लॅरनेटचा खालचा भाग त्यात गुदमरतो. आवाज आपोआप समान करणारी सोयही बंद करा. तिच्यामुळे अडाजिओ वर ओढला जाऊन पहिल्या भागाइतकाच मोठा वाजतो.

ब्लूटूथचा एकच डबा असेल तर तो भिंतीच्या कोपऱ्यात ठेवू नका. कोपरा खर्ज वाढवतो, सगळं गढूळ होतं. भिंतीपासून दीड-दोन हात पुढं, कानाच्या उंचीवर ठेवा. टिनाच्या छपराखाली पाऊस असेल तर त्या दिवशी सोडून द्या. आणि एका डब्यावरच ऐकायचं असेल तर केल-बुश आणि व्लाख यांचं काहीच बिघडत नाही: ती मोनो आहेत, एका डब्यासाठीच केल्यासारखी. स्टिरिओ मुद्रणांत डावीकडचं व्हायोलिन आणि उजवीकडचा चेलो एकाच तोंडातून येऊ लागतात आणि वादकांमधलं अंतर मिटतं.

लाईन जायची वेळ ठरलेली असते, नेटवर्कची नसते. तालुक्याच्या गावी चांगलं नेटवर्क मिळेल तेव्हा आधीच उतरवून ठेवा. ३८ मिनिटांच्या रचनेला ९६ केबीपीएसवर सुमारे २७ एमबी लागतात, ३२० केबीपीएसवर सुमारे ९१ एमबी. जुन्या मोनो मुद्रणाला कमी दर्जा चालून जातो. बॉस्कोव्स्की किंवा फ्रॉस्टसाठी ३२० घ्या. कमी दर्जात म्यूट लावलेल्या तारांचा मऊपणा पहिला जातो आणि गजाच्या थरकापात पाण्यासारखी खळखळ ऐकू येते.

शोधताना ओपस ११५ (रचनेचा क्रमांक) आणि बी मायनर हे दोन्ही पाहा. ब्राम्सची तारवाद्यांची पंचकं वेगळी, पियानोचं वेगळं. क्लॅरनेटऐवजी व्हिओला घेऊन वाजवलेली आवृत्तीही सापडेल. ती अधिकृत आहे, पण इथल्या तुलनेत ती धरलेली नाही. बऱ्याच अल्बमांत जोडीला मोत्सार्टचं क्लॅरनेट पंचक असतं. तेही चार भागांचंच असल्यानं क्रमांकावरून फसायला होतं. पहिल्या भागाची वेळ बघा. बारा मिनिटांच्या पुढं असेल तर वादकांनी पहिल्या खंडाची लिहिलेली पुनरावृत्ती घेतली आहे. दहाच्या आसपास असेल तर गाळली आहे. केल-बुश गाळतात, तबकडीच्या जागेपायी. नव्या मुद्रणात मात्र ती हवी. ती नसेल तर पहिला भाग अडाजिओपेक्षा आखूड पडतो आणि पूर्ण रचना पुढच्या बाजूला झुकते.

एक शेवटची जागा. पाचवा फेरफार संपला की पहिल्या भागाची सुरुवातीची ओळ परत येते. मग एक जोरकस स्वरमेळ, आणि लगेच तोच पुन्हा हळू. चांगले वादक दुसरा स्वरमेळ पहिल्याच्या प्रतिध्वनीसारखा ठेवतात, घाईत असलेले तो उरकतात. केल आणि बुश तो इतका खाली ठेवतात की जुन्या तबकडीच्या खरखरीत तो कुठं संपला ते सांगता येत नाही. यादीतलं पुढचं आपोआप वाजायची सोय ऐकायला बसण्याआधीच बंद करा, नाहीतर तो सूर विरायच्या आत मोत्सार्ट सुरू होतो.